मीनाबाईच्या नावची एक एकर

मी, अण्णासो आकाराम समुद्रे, वय ७३, निवृत्त फौंड्री कामगार, राहणार उचगाव, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, स्वतःच्या समजुतीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. उचगावचे घर मुलगा प्रसेनजीत यास द्यावे. वरचा मजला त्यानेच बांधला आहे. घरफाळा त्याने आपल्या नावे लावून घ्यावा. शिरोलीच्या कारखान्यात तीस वर्षे ज्या थापीने मी साच्याची वाळू बसवली, ती थापीही त्यालाच.

२. हातकणंगल्याजवळची एक एकर शेती. हिची हकिकत मुलांना अर्धीच ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

१९९८ साली जमीन ठरली. वकिलांनी विचारले, "तुमच्या नावचा सातबारा हाय का?"

मी म्हणालो, "सातबारा असता तर फौंड्रीत कशाला गेलो असतो?"

"मग तुमच्या नावावर खरेदी व्हत न्हाय. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येती."

मी उठायला लागलो. माझी पत्नी मीनाबाई बाकावर बसली होती. ती म्हणाली, "माझं नाव हाय की. वडलांच्या सातबाऱ्यावर."

ते नाव कसे राहिले तेही सांगतो. खरेदीच्या चार वर्षे आधी तिचे वडील वारले, तेव्हा तिचा भाऊ जोतीराम हक्कसोडपत्र घेऊन आला होता. मीच म्हणालो होतो, "सही करून टाक. भावासंगं वाकडं नको." तिने केली नाही. भावाने अकरा वर्षे बोलणे टाकले. भीमजयंतीला ती माहेरी जायची, तेही बंद झाले. मी तिला एकदाही म्हणालो नाही की तुझे बरोबर होते.

खरेदी तिच्या नावे झाली. पहिल्या वर्षी भुईमूग केला. रविवारी आम्ही एसटीने जायचो, ओल्या शेंगा बांधावरच भाजून खायचो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस. शेतसारा भरायला ती एकटी जाई. चावडीत कोणी विचारले, "मालक न्हाय आलं व्हय?" तर म्हणे, "मीच मालक."

३. ती २०२१ साली गेली. वारस म्हणून माझे, प्रसेनजीतचे आणि मुलगी प्रीतीचे नाव लागले. गेल्या वर्षी प्रसेनजीत बहिणीला म्हणाला, "आक्का, हक्कसोड करून दे. एजंट म्हणतोय, शेती हाय तवर विकली तर टॅक्स बी लागत न्हाय." प्रीतीने माझ्याकडे पाहिले. मी उठून आत गेलो. त्याची मला लाज वाटते.

म्हणून माझा एक तृतीयांश हिस्सा प्रीतीला देत आहे. ठेवावा की विकावा, तिने ठरवावे.

प्रसेनजीत, हा राग नव्हे. उद्या तुला कुठे शेत घ्यायचे झाले, तर शेतकरी म्हणून तुझा दाखला निघेल, तो तुझ्या आईने न केलेल्या सहीमुळे. फेरफाराच्या दिवशी बहिणीबरोबर तलाठ्यांकडे जा. बोलायचे ते तिला बोलू दे. तू बाजूला बस.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

अण्णासो आकाराम समुद्रे

आमच्यासमोर सही झाली:
१) नागसेन धनवडे, फौंड्रीतील सहकारी, उचगाव
२) गणपतराव चौगुले, शेताचे बांधशेजारी

कोल्हापूर, २ डिसेंबर २०२४