टॅपेटची टकटक

३ मार्च
कानात यंत्र बसवलं. चिरंजीवांचा हट्ट! शांत घर एकदम बडबडायला लागलं. फ्रीज घुरघुरतो, खुर्ची कण्हते, माझ्याच चपला माझ्या मागे लागल्यात. आणि कहर म्हणजे — माझा पेट्रोलवरचा जुना ट्रॅक्टर टकटक करतो! माझे कान गेल्यापासून इतकी वर्षं हूं की चूं न केलेलं इंजिन. आजारी पडलं म्हणायचं.

४ मार्च
दारांना तेल. खुर्चीला तेल. भिंतीवरचं घड्याळ काढून गादीखाली. मग इंजिनाचं वरचं झाकण उघडलं, बायकोला टॉर्च धरायला लावलं आणि व्हॉल्व्ह दाबणारे सगळे टॅपेट मधली फट बुजेपर्यंत आवळले. इंजिन गप्प! हात अजून शाबूत आहेत आमचे.

९ मार्च
भर शेतात ट्रॅक्टर बंद पडला. एक व्हॉल्व्ह जळाला. मिस्त्री नवा बसवून गेला, टकटक पुन्हा सुरू. पुन्हा आवळले. टॉर्च धरायला बायकोच.

१७ मार्च
दुसरा जळाला. जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं — आणखी एक जळाला की ट्रॅक्टर भंगारात. सूनबाईंनी लगेच मान डोलावली, त्या जागेवर त्यांना कपडे वाळत घालायचेत. तो गेला तर सकाळी उठून मी जायचं कुठे?

१८ मार्च
मिस्त्री आला. मी पेट्रोलला दोष दिला, हवेला दिला, रेडिएटरवरच्या भुशाला दिला. भुसा झाडायला हवाच, म्हणाला. मग झाकण उघडून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच कानातलं यंत्र चाचपलं.

"काका, व्हॉल्व्ह तापला की लांबतो. त्याच्यासाठी फट ठेवावी लागते. तुम्ही ती बुजवलीत, म्हणून तो पूर्ण मिटत नाही, कडेने आग जाते आणि जळतो. टकटक म्हणजे तब्येत ठणठणीत."

म्हणजे इतकी वर्षं तो टकटकतच होता! ऐकू यायला लागलं आणि मीच त्याच्या जिवावर उठलो.

२५ मार्च
फट मापात. ट्रॅक्टर झकास. टकटकीने डोकं मात्र उठतं. यंत्र काढलं की चिरंजीव डोळे वटारतात. मग बायकोपुढे रडगाणं. तिला कितपत ऐकू गेलं कोण जाणे — तिचे कान माझ्याआधी गेलेत, पण स्वतःला यंत्र घ्यायचं नाव काढत नाही.

२ एप्रिल
सकाळी ट्रॅक्टर सुरू केला — टकटक नाही! यंत्र झटकलं, फुंकलं. नाहीच. ताबडतोब बंद केला. मागे बायको उभी, हात काळेकुट्ट.

"अहो, दोनदा टॉर्च मीच धरला होता ना. तुमचं डोकं दुखतं, म्हणून आवळून टाकले."

ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. खरंच रडू आलं. छान केलंस, म्हटलं. ती आत गेल्यावर पाना घेतला आणि सगळे पुन्हा मापात सैल केले.

३ एप्रिल
शेतात निघालो. इंजिन खणखणीत टकटकत होतं. ती फाटकाशी आली, कानाजवळ तोंड आणून म्हणाली, "आता येत नाही ना आवाज?"

"नाही," मी म्हटलं.