पाच वेळा का

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

माफ कर बाबा वही. दिवाळीपासून तुला हात लावला नाही. उशीर झाला खरा, पण कारखान्यात अशी वाट लागली आहे की घरी आल्यावर पेन धरवत नाही.

परदेशात गाडीची सीट कुरकुरते!

आमचा मुलुंडचा गाळा, अकरा माणसं. आम्ही सीटखालची पट्टी बनवतो. हातभर पट्टी, तिला दोन भोकं. पट्टी जाते मिहिर साहेबांच्या कंपनीत, तिथे तिची सीट होते, आणि सीट जाते जगभर पसरलेल्या त्या मोठ्या मोटार कंपनीकडे. तिथे कोणीतरी नव्या गाडीत बसला, हलला, आणि कुरकुर झाली. बघितलं तर आमची भोकं केसभर मोठी. ऑक्टोबरचा माल.

शेठ म्हणाले, "काका, आपल्या पट्टीने तिकडची लाइन थांबली!" रडायच्या बेतात होते. चाळीस देशांतून माल घेणारी कंपनी, आणि अडली कुठे — आमच्या भोकात. मला हसू आलं. मग स्वतःचा हिशोब केला. माझं वय अडुसष्ट, शिक्षण सातवी. हा गाळा बंद झाला तर मला कोण उभं करणार?

१९ नोव्हेंबर

मिहिर साहेब आले. बरोबर फॉर्म. त्यात पाच वेळा 'का' विचारायचं असतं म्हणे, म्हणजे मूळ सापडतं. एवढं शिकून साहेब झाले आणि शेवटी लहान पोरासारखं का, का, का!

"भोक मोठं का?" — भोक पाडायचा पंच जाड होता.

"जाड का?" — घाईत दुसरीकडून आणला.

"घाई का?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच दसऱ्याला फोन केलात. गोडाऊनमध्ये साठा ठेवायचा नाही ही तुमचीच शिस्त. मग मालाची बोट अडकली आणि माल विमानाने मागितलात."

शेठनी टेबलाखाली माझा पाय दाबला. मिहिर साहेब हसले. "काका, हे लिहिता येत नाही. 'का' तुमच्या गाळ्यातलाच हवा."

मग गाळ्यातला शोधला. तपासणीत का सापडलं नाही? तपासणी शेवंती करते. तिला का दिसलं नाही? "लक्ष नव्हतं." लिहिलं. पाच झाले. चहा प्यायले, गेले.

२१ नोव्हेंबर

शेवंतीला घरी बसवलं.

२२ नोव्हेंबर

झोप नाही. ही बाई नऊ वर्षं त्या टेबलावर आहे. नवरा गेला तेव्हा शेठनी पॅकिंगला ठेवली, तपासणी मी शिकवली. लोखंडी गेज असतं, बोटभर, दोन तोंडांचं. एक तोंड भोकात गेलं पाहिजे. दुसरं, लाल रंगाचं, जाता कामा नये. गेलं तर भोक मोठं, पट्टी भंगारात. एवढंच. पण दिवसाला दोन हजार पट्ट्या! नऊ वर्षांत एकदाही चुकली नाही.

काल जाताना डबा उचलला आणि मला म्हणाली, "काका, लाल तोंड एकदाही आत गेलं नाही हो. शपथ." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तिच्या टेबलावर आज मीच बसलो. ऑक्टोबरच्या परत आलेल्या पट्ट्या घेतल्या. गेज लावलं. लाल तोंड जात नाही! म्हणजे भोक बरोबर. मग तिकडे काय भुतं बसली होती सीटवर?

चष्मा पुसला. लाल तोंडावर नख ओढलं. नखात लाल आलं. रंग नव्हे. कुंकू.

खंडेनवमीला गाळ्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मी करतो. तेलात कालवलेलं कुंकू बोटाने लावतो. दसऱ्याला दुपारी सगळं पुसून ठेवायचं, हेही माझंच काम. या वर्षी दुपारी फोन आला, विमान, विमान! शेठनी तिथेच मशीन चालू करायला लावली. बाकीचं कामात पुसलं गेलं. हे तोंड भोकात जातच नाही, तर पुसणार कसं? लालवर लाल, वाळून घट्ट. तेवढ्याने तोंड जाड झालं, आणि मोठी भोकं खुशाल पास!

म्हणजे मी. शेवंती नव्हे. मी.

२५ नोव्हेंबर

बायकोला, मालनला सांगितलं. भाकरी थापत होती. थांबली नाही. "तुमका कोणी इचारल्यान?"

"कोणी नाही."

"मगे गप ऱ्हवा. ह्या वयात दुसरा काम खंय मिळतला?"

बरोबर आहे तिचं. गप राहिलो.

२८ नोव्हेंबर

राहवलं नाही. शेठना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "काका, फॉर्म गेला. त्यात 'लक्ष नव्हतं' लिहिलंय. आता देवाला मध्ये आणू नका."

"देवाला नाही हो शेठ, शेवंतीला आणतोय."

"तिला मी नंतर बघतो."

नंतर! शेठचं नंतर मी एकेचाळीस वर्षं बघतोय.

३ डिसेंबर

आज कॉम्प्युटरवर मोठी बैठक. चार चौकोनांत चार गोरे चेहरे. मिहिर साहेब इंग्रजीत बोलत होते, मध्येच 'शेवंती' ऐकू आलं. मी मागे उभा होतो. पुढे गेलो आणि मराठीत सगळं सांगितलं. पूजा, कुंकू, तेल, विमान. मिहिर साहेबांनी त्याचे इंग्रजीत चार शब्द केले!

एका बाईने विचारलं, लाल पावडर कशासाठी? साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"सांगा तिला, वर्षभर काम करतं म्हणून नमस्कार करतो."

त्यांनी सांगितलं. शेजारच्या चौकोनातला बुवा बराच वेळ लिहीत होता. काय लिहीत असेल? माझं नाव?

शेठ माझ्याशी बोलत नाहीत.

१५ डिसेंबर, सोमवार

निकाल आला! बारा पानं. कारण — परकी लाल पावडर. उपाय — जगभरात त्यांना माल देणाऱ्या सगळ्या कारखान्यांत लाल पावडरीला बंदी. कुठल्याशा बर्फाळ देशातला कामगारही आता सही करणार की मी गेजला कुंकू लावणार नाही! आमच्या भिंतीवर चित्र लागलं, करंडा आणि त्यावर फुली. सगळ्यांना अर्धा तास शिकवणी. शिकवायला कोण? मी.

बारा पानं मिहिर साहेबांकडून वाचून घेतली. घाई कुठेच नाही. विमान कुठेच नाही.

मला काढलं नाही. शेठ म्हणाले, "शेवंतीला बोलवा, काका. तपासणीचं सर्टिफिकेट तिच्याच नावावर आहे, ते लोक दुसरं कोणी चालवून घेत नाहीत." म्हणजे बाई नको होती तोवर लक्ष नव्हतं, आता कागद हवा तर बाई हवी. झकास!

१७ डिसेंबर

शेवंतीच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, बहिणीकडे गोराईला गेली, मासळी निवडायला. फोन लागत नाही. मालनने तिच्यासाठी लाडू बांधून ठेवलेत. तिलाही लागलंय मनाला.

मला मात्र हलकं वाटतंय. चूक कबूल केली, बाईचं नाव धुतलं. सातवी शिकलेल्या माणसाने आणखी काय करावं?

२० डिसेंबर

फोन लागला. सगळं सांगितलं, ये म्हटलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "काका, ते कुंकू मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. त्याने माप चुकेल हे कुठे ठाऊक होतं मला? वाटलं, तुम्ही पुसाल. हे गेले त्या वर्षी दसऱ्याला मी करंडा उचलला तर सगळ्यांसमोर तुम्हीच ओरडलात ना, तू कुंकवाला हात लावायचा नाहीस म्हणून. मग मी कशी पुसणार?"

फोन ठेवला. परत लागत नाही.

ओरडलो होतो मी. आठवतंय.

शेवंती, शिव्या दे. येऊ नकोस वाटलं तर नको येऊस. पण कळव गं काहीतरी. लवकर कळव.