अळीच्या पोटातला पाला

बाबा, तुला आणि आईला बंगळूरहून रिनाचा जोहार.

मी मजेत आहे. खाणावळीत रोज भात असतो, पण आता ज्वारीची भाकरी देणारी एक बाई सापडली आहे. आईचे गुडघे दुखायचे थांबले, असं तू फोनवर म्हणालास आणि माझा जीव भांड्यात पडला. यंदा आमचूर किती वाळवलं?

माझ्या कॉलेजातल्या अजितने शहाद्याहून पाठवलेली, आपल्या नाल्यातल्या अळ्यांची बाटली पोचली. पाण्यातले किडे काय खातात ते बघायचं, हेच माझं काम. हसू नको, शिकवलंस तूच. खेकडे धरताना उचललेला दगड तू परत होता तसाच ठेवायचास. म्हणायचास, "खाली कुणीतरी जेवत असेल."

मागच्या वर्षी या अळ्यांच्या पोटात जांभळीचा कुजका पाला होता. यंदा एकीच्याही पोटात नाही, नुसतं हिरवं शेवाळ. शेवाळाला ऊन लागतं, बाबा. आपल्या डोहावर तर भर दुपारीही ऊन येत नसे. त्या सावलीत, पाण्यात पाय सोडून मी दहावीचा अभ्यास केला. आई वरून हाका मारायची आणि मी मुद्दाम ओ देत नसे.

आपली जांभळी गेली ना?

वाऱ्याने पडली की तोडावी लागली, ते विचारत नाही. मला वाईट वाटेल म्हणून तू बोलला नाहीस. पण "सगळं जागच्या जागी आहे" हे तू त्याच फोनवर म्हणाला होतास, ज्यावर आईच्या गुडघ्यांचं सांगितलंस.

आई नाल्यापर्यंत चालत जाते ना? खरं सांग.

तुझी, आता मोठी झालेली,
रिना