नातवंड नको म्हणणाऱ्या आईंना

आई,

'तीर्थरूप' लिहिणार होते. हात धजला नाही.

काल इथल्या मराठी मंडळात तुमची शोकसभा झाली. "सुनेनं दोन शब्द बोलावेत," म्हणाले. मी पदर डोळ्यांना लावून बसून राहिले. लोकांना वाटलं, दुःखानं गळा दाटलाय! मला बोलायचं होतं ते तिथे बोलता आलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

तुम्ही साताऱ्याहून कलकत्त्याला, गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलात, तोवर माझे तीन गर्भ गेले होते. तिन्ही अगदी सुरुवातीलाच. चौथ्या वेळी हे मला एस्प्लनेडच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी समजावून सांगितलं, "गर्भ राहतो, पण पिशवीच्या अस्तरात नीट रुजत नाही. तुमच्या अंगात एक हार्मोन कमी पडतंय. ते इंजेक्शनानं देऊन बघू."

तेलातलं औषध होतं ते. रोज कमरेत घ्यायचं. गाठी यायच्या, कुशीवर वळवत नसे. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "देवानं टिकवलं नाही ते सुईनं टिकवणार? असलं औषधी पोर आमच्या घराण्यात नको." आठवतं?

मी हसले होते. म्हातारं माणूस, बोलतं, असं वाटलं.

मग हे खरगपूरला दौऱ्यावर गेले आणि इंजेक्शन द्यायला येणाऱ्या मिनतीदी यायच्या थांबल्या. मला उठायची मनाई होती. मी आतून विचारायची, "आई, मिनतीदी आल्या का हो?" तुम्ही म्हणायचात, "कुठली येतेय? बंद आहे. बसा जाळताहेत म्हणे." त्या दिवसांत कलकत्त्यात बंद काय, रोजचेच! मी विश्वास ठेवला. औषध कपाटात, मी खाटेवर, आणि तुम्ही स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी कुटत होतात.

हे परत यायच्या आत सगळं वाहून गेलं.

मिनतीदी भेटायला आल्या त्या रडतच. आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "मैं तो रोज आया, दीदी. माताजी दरवाजे से लौटा देता था. बोला, बहू ठीक है, अब सुई नहीं चाहिए."

मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही नाकारलंसुद्धा नाहीत. पदराला हात पुसत म्हणालात, "राहायचं असतं तर राहिलं असतं."

सगळ्यात वाईट काय, सांगू? डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "इंजेक्शनं मिळाली असती तर टिकलाच असता, असं मी सांगू शकत नाही." म्हणजे तुम्हाला खुनी म्हणायची सोयसुद्धा मला राहिली नाही! आणि तुमचा मुलगा? "आईचं वय झालंय, सोडून दे," एवढंच म्हणाला, आणि जेवायला बसला. त्यानंतर माझी पाळीच धड येईना. आता पुरे करा, असं बाईंनीच सांगितलं.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं हागणंमुतणं मी काढलं. का, ते मला विचारू नका. प्रेमानं नव्हे. शेवटच्या दिवशी तुम्ही माझ्या हातून पाणी घेतलंत आणि हळहळलात, "एखादं नातवंड असतं तर त्याच्या हातचं पाणी मिळालं असतं गं."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. तुम्ही खरंच विसरला होतात, की मला शेवटचं टोचत होतात?

आई, एक वचन देते. यांच्यासाठी तुमचं श्राद्ध दरवर्षी नीट करीन. वरणावर तूप कमी पडणार नाही. भटजी तृप्त होऊन जातील, लोक सुनेचे गोडवे गातील. पण हेही जातील एक दिवस. मग तुमचं नाव घेणारं या जगात एकच माणूस उरेल. मी.

आणि मी ते घेणार नाही.

ज्योत्स्ना