शुक्रवारी दिवसभर उपासना

शरणपूर, नाशिक
मंगळवार, दुपार

प्रिय रंगनाथदादास,
धाकट्या बहिणीचा, म्हणजे सरिताचा सलाम.

वहिनी तुला जेवणात मीठ देत नसेल आणि तू शेजाऱ्यांकडे जाऊन फरसाण खात असशील, म्हणजे एकूण तब्येत ठीक असेल, असं धरून चालते. माझे गुडघे चर्चच्या पायऱ्यांना नको म्हणतात आणि मेनरोडच्या दुकानांच्या पायऱ्यांना हो म्हणतात. डॉक्टर म्हणतात वय झालं, पाळकसाहेब म्हणतात विश्वास कमी पडतोय. मी दोघांच्याही गोळ्या घेते.

आपल्या उन्हाळी शिबिराच्या पन्नाशीनिमित्त तू स्मरणिकेसाठी माझ्याकडून तीनशे शब्दांत 'गोड आठवणी' मागवल्यास. तीनशे शब्दांत मी नुसतं दार उघडते, हे तुला जन्मापासून माहीत आहे. शिवाय रविवारी ट्रस्टची बैठक आहे. शिबिर यंदा देवळाली कॅम्पच्या पुढच्या आपल्या जुन्या जागेवर भरवायचं की रिसॉर्टमध्ये, यावर दोन मतं इकडे आणि दोन तिकडे पडली आहेत, पाचवं मत अध्यक्ष म्हणून तुझं. जागा गेली की स्वयंपाकघर गेलं, आणि स्वयंपाकघर गेलं की एकतीस वर्षं तिथे भाकऱ्या बडवणारी आपली सुलाबाईही गेली. तेव्हा हे पत्र स्मरणिकेचं म्हणून वाच आणि बैठकीसाठी लक्षात ठेव.

आता आठवणी. गोड म्हणशील तर पत्र्याच्या खोल्या मे महिन्यात इतक्या तापायच्या की नरकावरचं प्रवचन वेगळं द्यावं लागत नसे. मौन प्रार्थनेची वेळ सकाळी अकराची ठेवली होती, आणि लष्कराच्या तोफांच्या सरावाची वेळही तीच (आपल्या कमिटीने पन्नास वर्षांत ती बदलली नाही, लष्कर बदलेल अशी आशा धरली). एका वर्षी वक्ते डोळे मिटून म्हणाले, शेवट कधी येईल सांगता येत नाही, आणि तेवढ्यात पलीकडे धडाम झालं. त्या दिवशी जितकी पापं कबूल झाली तितकी पुढे कधी झाली नाहीत. शेवटच्या संध्याकाळी साक्ष देण्याचा कार्यक्रम असे. तू उभा राहून सिगारेट सोडल्याची साक्ष दिलीस आणि आईने डोळ्याला पदर लावला. पुढच्या वर्षी तू पुन्हा तीच सिगारेट सोडलीस. असं सलग पाच वर्षं चाललं. एकच पाप इतक्या काटकसरीने वापरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही (हा भाग स्मरणिकेत घ्यायचा की नाही ते तू ठरव, संपादकही तूच आहेस).

पण सगळ्यांत मोठी आठवण सुलाबाईच्या पहिल्या वर्षाची. बाई जवळच्याच गावची, शेतकऱ्याघरची, चौथी शिकलेली, आणि ख्रिस्ती माणसं तिने तोवर लांबूनच पाहिलेली. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर पाळकीणबाईंनी रोजचा कार्यक्रम लिहून ठेवला होता. त्यात शुक्रवारसमोर होतं, 'दिवसभर उपासना'. सुलाबाईने ते अक्षर अक्षर लावून वाचलं: दिवसभर उपास, ना? तिला वाटलं, पाळकीणबाई खात्री करून घेतायत. तर हो, उपास. त्या दिवशी नागपूरहून मोठे वक्ते यायचे म्हणून मटण सांगितलेलं होतं. खाटीक फाटकाशी आला तशी सुलाबाईने त्याला तिथूनच परत लावलं, यांचा आज उपास हाय, तुला लाज नाय वाटत का, म्हणून. दुपारी सव्वाशे ख्रिस्ती माणसं पानावर बसली आणि समोर आली साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. पाळकसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. वक्त्यांनी मात्र तिसऱ्यांदा खिचडी घेत आपल्या मंडळीच्या शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं आणि दुपारी उपवासावर चाळीस मिनिटं बोलले. मग कुणाची टाप होती खरं सांगायची? पुढच्या वर्षीही शुक्रवारी खिचडी झाली, त्याच्या पुढच्या वर्षीही. आता नवी पिढी छातीठोक सांगते की शुक्रवारची खिचडी मिशनरींनी घालून दिली आहे. योएलने तर तसा परिच्छेदही लिहून दिलाय म्हणे.

हा योएल, थॉमसकाकांचा नातू, आपला नवा सेक्रेटरी. मुलगा गुणी आहे, पण प्रत्येक गोष्टीचं प्रेझेंटेशन करतो. रिसॉर्ट द्राक्षमळ्यात आहे म्हणून त्याने बायबलातले द्राक्षमळ्यांचे चार दाखले पडद्यावर दाखवले. (बायबलात गुरांचा गोठाही आहे, पण गोठ्याला स्विमिंग पूल नव्हता, तेव्हा तो पडद्यावर आला नाही.) जागा बघायला तो मलाही घेऊन गेला. दारातच एका पोरीने वाकून विचारलं, वाइन रेड की व्हाइट? मी म्हटलं, आम्ही महिन्यातून एकदा घेतो, चर्चमध्ये, टोपणभर, तेही प्रार्थना करून. जेवायला 'मिलेट बाउल' नावाचा पदार्थ होता. ती नाचणीची पेज निघाली, वर एक पान ठेवलेलं. मौन प्रार्थनेसाठी एसी हॉल आहे, तिथे तोफ ऐकू येत नाही. मग लोक घाबरणार कशाला, हा विचार कुणी केलाय का?

सुलाबाईचं काय, असं मी योएलला सरळ विचारलं. तर म्हणाला, सत्कार करू, शाल देऊ, मोमेंटो देऊ. म्हणजे बाईला काढायचं आणि वर काचेचा ठोकळा हातात द्यायचा. मला फार राग आला दादा, अजून उतरलेला नाही. एकतीस वर्षं तिने आपल्या पोरांच्या तापापासून पाळकांच्या पथ्यापर्यंत सगळं सांभाळलं. तुझं मत जुन्या जागेलाच पडलं पाहिजे. पडलं नाही तर पुढच्या नाताळात करंज्या पुण्याला येणार नाहीत.

वहिनीला सलाम सांग.

तुझी,
सरिता

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी सुलाबाईच्या घरी जाऊन आले. मी तिच्यासाठी भांडतेय, हे तिला कळावं म्हणून गेले होते (चांगुलपणा करावा आणि तो समोरच्याला कळूही नये, इतकी मी अजून आध्यात्मिक झालेली नाही). ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ताई, नका भांडू. माझे बी गुडघे गेले. सव्वाशे माणसाचं पीठ आता मळवत नाय. मग खडे काढता काढता हळूच म्हणाली, तुमी आत गाणी म्हनता, तवा माझ्या हातात पीठ असतं. मला एकदा शिबिराला बसायचं हाय. मला तिथेच रडू आलं. आपण तिची जागा वाचवायला निघालो होतो दादा, आणि ती जागा चुलीपुढची होती.

ता. क. २. तेव्हा मत रिसॉर्टला दे. योएलला मात्र सांगू नकोस, मी शेवटपर्यंत विरोधात होते असंच त्याला कळू दे. आणि सोबत सुलाबाईचा प्रवेशअर्ज जोडलाय, त्यावर अध्यक्षांची सही लागते, ती आजच कर. ती आपल्यातली नाही, असं कमिटीत कुणी म्हणालं तर तू खाकरायचं. तिला मी विचारलं होतं, तुझ्या देवाचं काय? म्हणाली, माझा देव काय म्हनत नाय, तुमच्याला इचारून घ्या.

ता. क. ३. अर्ज तिच्यासमोरच भरलाय. यापूर्वी शिबिराला किती वेळा आलात, असा एक रकाना आहे. मी एकतीस लिहायला घेतलं, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, एकदा बी नाय. मी तसंच लिहिलं आहे.