उंबराखालची शेगडी

आदिलाबाद, मंगळवार संध्याकाळ

थंडी हटत नाही. माझ्या बायकोच्या, रेखाच्या उंबराची आज आणखी पानं गळली. लग्नात तिनं माहेरून आणलेलं हे वीतभर झाड, उथळ कुंडीतलं. बाळंतपणाला माहेरी, वांकिडीला जाताना माझ्या हवाली करून गेली. मेलं तर तिला काय सांगू?

ऊब मुळांना पाहिजे, असं वाचलं होतं. म्हणून कुंडी विटांवर ठेवली आणि खाली राखेनं झाकलेल्या निखाऱ्यांची शेगडी सरकवली, बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात तशी. कुंडीच्या बुडाला हात लावला. कोमट. परत लावला. जास्त तर होत नाही ना?

आई हसली. "झाडाले शेक देऊन राह्यला? तिकडं एक बाळंतीण, इकडं दुसरी!"

माझ्या डोळ्यांपुढे तिकडचीच बाज आली. मुलगी झाली; तिला अजून पाहिलेलं नाही. ती कुणासारखी आहे, हे फोनवरच्या फोटोत कळत नाही. पण बारशाचं आवतण आल्याशिवाय जावयानं जायचं नाही, हा आमच्याकडचा नेम.

तेवढ्यात रेखाचा फोन आला. झाडाचं खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "घेऊन या त्याले इकडं. माह्या बाजेखाली जागा हाय."

"पण बारशाआधी कसं?"

"झाडाले आवतण लागते का? तुमी फक्त कुंडी धरून या."

आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं जुनी शाल आणून दिली. "कुंडीले गुंडाळ. सकाळच्या गाडीत लय वारं लागते." मग शिवून ठेवलेलं टोपडं पुढे केलं.

"अन् हे झाडाले मोठं झालं, तर पोरीले घाल."