शेरूचं पातेलं

अमळनेर, मंगळवार संध्याकाळ

दमले आज. बाजारातले कुत्र्यांचे कोरडे दाणे आमचा शेरू हुंगतही नाही, म्हणून रोज त्याच्यासाठी वेगळा भात शिजवायचा, गंगाफळ म्हणजे लाल भोपळा घालून, बिनमिठाचा. निवला का ते बोट लावून बघायचं, मगच द्यायचा. त्यात सासऱ्यांचं, आबांचं जेवणही डॉक्टरांनी बिनमिठाचं करून ठेवलंय. दोन पातेली कशाला घासू? आज आबांना शेरूच्याच पातेल्यातलं वाढलं.

रोज ताट सरकवणारे आबा सगळं जेवले. मग मलाच राहवेना, सांगून टाकलं.

रागावले नाहीत. म्हणाले, "माले पहिलाच घासले समजनं. शेरूसाठे तू जीव लाईसन रांधस."

खरंच की, त्याचं जीव लावून रांधते. शेरूच्या भाताला रोज बोट लावून बघते. आबांच्या ताटाला? एकदाही नाही.